धाकटीच्या ओठांवरचे माझे गाणे

मी, खाली सही करणारी, एके काळची गायिका, सध्या गुडघ्यांनी बेजार पण डोक्याने शाबूत, कोणाच्याही दबावाला बळी न पडता हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात लिहिले होते.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, गॅलरी व गळका नळ, माझ्या लेकीला मिळावे. बँकेतली शिल्लकही तिचीच. नळ तेवढा दुरुस्त करून घ्यावा, मी सांगून सांगून थकले.

२. लाकडी पेटीतला टीव्ही बंद पडला असला तरी भंगारात घालू नये. शेजारच्या इलेक्ट्रिशियनचा त्यावर फार दिवस डोळा आहे. त्याला द्यावा.

३. गाण्याची फिल्म व पोशाख. हे कलम लांबेल, वकीलसाहेबांनी मध्ये बोलू नये.

माझे पहिले गाणे गाजले तेव्हा टीव्हीवर दर आठवड्याला तरुणांच्या गाण्यांचा कार्यक्रम लागे. तिथे खरे कोणीच गात नसे. रेकॉर्ड वाजायची आणि गायकाने नुसते ओठ हलवायचे. त्यातच गाण्याची छोटी फिल्म आधी करून ठेवायची नवी टूम निघाली. माझ्या गाण्याची फिल्म ठरली, पोशाख शिवून झाला, पण शूटिंग लांबत गेले आणि माझे पोट दिसू लागले.

"ताई, आवाज तुमचाच राहील हो, चेहरा तेवढा दुसरा घेऊ," निर्माते म्हणाले.

"मग माझ्या धाकट्या बहिणीला घ्या," हे मीच सुचवले.

धाकटी हडकुळी. पोशाख मागून टाचण्या लावून बसवला आणि कॅमेऱ्याकडे पाठ करायची नाही, अशी तिला ताकीद दिली. फिल्म गाजली. तिला मुलाखतीला बोलावणे आले. लेकीला मांडीवर घेऊन मी टीव्हीसमोर बसले होते.

"एवढं गोड गाता, शिकलात कुठे?" निवेदकाने विचारले.

धाकटी तोंड वर करून म्हणाली, "घरीच. आपलं आपण."

आपलं आपण! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हापासून बोलणे बंद. तिच्या लग्नाला मी गेले नाही. आई गेली तेव्हा ती घरी आली, तर मी आतल्या खोलीतून बाहेर आले नाही.

त्या काळी टेप महाग, म्हणून टीव्ही केंद्रवाले जुन्या कार्यक्रमावर नवा चढवत. मुलाखतीवर हवामानाचा अंदाज केव्हाच चढला. फिल्म वेगळ्या रिळावर होती म्हणून वाचली. लेकीने ती यंदा शोधून आणली. मी मुद्दाम आवाज बंद करून पाहिली.

ओळीच्या मध्येच श्वास घ्यायची माझी खोड मास्तरांनाही मोडता आली नव्हती. धाकटी नेमकी तिथेच श्वास घेते. रेकॉर्डवर तो ऐकूही येत नाही. लहानपणी माझ्या पांघरुणात शिरून माझ्याबरोबर गुणगुणायची, तेव्हा उचललेला. म्हणजे घरीच शिकली, हे खरेच होते की! मी खूप रडले.

सबब, केंद्राने पुसले ते मीही पुसत आहे. फिल्म धाकटीची. पोशाखही तिचाच. टाचण्या अजून तशाच आहेत, जपून हाताळावा.

४. मला निरोप देताना माझी रेकॉर्ड लावू नये. धाकटीने गावे. नुसते ओठ हलवून भागणार नाही. तिचा सूर लागत नाही हे मला ठाऊक आहे, लागेल तसा लागू दे.

साक्षीदार म्हणून धाकटीलाच बोलवा, असे मी म्हटले होते. वकीलसाहेब म्हणाले, "जिला काही मिळणार, तिने साक्षीला राहू नये. दोन्हींपैकी एक काय ते ठरवा." मग लेकीला सांगितले, मावशीला नुसती चहाला बोलव. ती आली आहे, बाहेर बसली आहे. कपबशीचा आवाज येतो आहे. सही झाली की मी बाहेर जाणार आहे.

साक्षीदार: १. घरचे डॉक्टर (सही) २. खालच्या मजल्यावरचे शिंपी (सही)

लिहून ठेवणार: थोरली (सही)

ठिकाण: आतली खोली
तारीख: ती आली तीच