पंपाच्या तोंडाची जाळी

४ फेब्रुवारी

भाऊजींनी आज पिशवीतून जे आणलं ते जिवंत आहे, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तपकिरी, खरखरीत, लांबट वांग्याएवढं. डोळे नाहीत, पाय नाहीत, पुढचं कुठलं नि मागचं कुठलं कळत नाही. समुद्रकाकडी म्हणे! वाळू खाते, त्यातली घाण पचवते आणि स्वच्छ वाळू मागून सोडते. श्वाससुद्धा मागूनच घेते. ऐकून माझ्या हातातली सुईच पडली.

ह्यांचा हा धाकटा भाऊ. छापखाना बंद पडला, भाड्याची खोली सुटली, आणि आमच्याकडे आला तो कपड्यांच्या दोन पिशव्या आणि खाऱ्या पाण्याची ही काचेची टाकी घेऊन. एकटा जीव सदाशिव. माशांना पोटच्या पोरांसारखं जपतात. त्यातला नारिंगी लाडका — त्याचं नाव शेटजी. भाऊजी समोर बसले की काचेशी येतो.

जेवताना हे म्हणाले, "चला, आता घरात दोघं झाले. खायचं आणि पडून राहायचं." भाऊजी हसले. मी भाऊजींच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

५ फेब्रुवारी

काकडीबाई अजून पिशवीतच होत्या सकाळी. टाकीचं पाणी तिच्या पाण्यात थेंबथेंब सोडायचं, म्हणजे बदल सोसतो. हवेत उचलायची नाही, पाण्याखालूनच सरकवायची. नव्या नवरीचे लाड बरे!

मग भाऊजी म्हणाले, "वहिनी, एक काम कराल? पंपाच्या तोंडाला जाळी शिवून द्या." पंप जिथून पाणी ओढतो तिथे ही रांगत जाऊन अडकली, की अंगातलं विष पाण्यात सोडते.

ह्यांनी ताटावरून मान वर केली. "मग सगळे मासे जातील?"

"सगळे, दादा."

"आणि जाळी असली की काही नाही?"

"काही नाही."

कधी नव्हे ते ह्यांनी टाकीबद्दल विचारलं. बरं वाटलं.

६ फेब्रुवारी

जाळी झाली. नायलॉनची, दुहेरी शिवण, तोंडाला नाडी. गिऱ्हाइकाच्या कपड्यालाही मी एवढा जीव लावत नाही. पंपावर चढवून गाठ मारली, ओढून पाहिली. भाऊजी म्हणाले, "आता हत्ती आला तरी सुटायची नाही."

११ फेब्रुवारी

काकडीने आतडी बाहेर टाकली! पांढरी, शेवयांसारखी, वाळूवर पसरली. हे काचेवर किल्लीने ठोकत होते — "हलतेय का बघतो." मी किंचाळलेच.

भाऊजी धावत आले. आधी तो पसारा नळीने ओढून घेतला. मग निम्मं पाणी बदललं, विष शोषणारी कोळशाची पुडी नवी घातली. "घाबरली की असं करते. निवांत ठेवली तर आतडी पुन्हा येतात." आतडी पुन्हा येतात!

हे भडकले. "माझ्या घरात मी काचेला हातही लावायचा नाही?" भाऊजी जुन्या पाण्याची बादली उचलून मोरीत गेले. नंतर माझ्या मशीनपाशी येऊन म्हणाले, "एखादी नोकरी लागली की जातो, वहिनी." फार वाईट वाटलं. चहा करून दिला. दुसरं काय करणार?

१९ फेब्रुवारी

भाऊजी मुलाखतीला परगावी गेले, उद्या येतील. टाकी माझ्यावर. "बाकी काही नको, फक्त जाळीवर लक्ष ठेवा." सकाळी पाहिली, दिवेलागणीला पाहिली. जागच्या जागी.

२० फेब्रुवारी

सगळे गेले. सगळे.

उठून आले तर पाणी गढूळ, दुधाळ. शेटजी पाण्यावर आडवा. काकडी पंपाच्या तोंडाशी अडकलेली, निम्मी आत ओढलेली. जाळी नव्हतीच. हे माझ्याआधी उठलेले, हातात बादली. "शिवण उसवली गं. तळाशी पडली होती चिंधी होऊन. टाकली मी कचऱ्यात."

माझी शिवण! इतकी वर्षं लोकांचं शिवतेय. एक टाका कधी निघाला नाही.

भाऊजी दुपारी आले. पायातले बूटही न काढता टाकीसमोर उभे राहिले. मग मला म्हणाले, "चालायचंच, वहिनी. तुमची चूक नाही." ओरडले असते तर परवडलं असतं.

मुलाखतीचं काय झालं, हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

२१ फेब्रुवारी

झिगझॅग कात्रीच्या दातांवर तांबूस गंज. कापडाच्या कडा दातेरी कापायची ही कात्री, तिला मी पाण्याचा थेंब लागू देत नाही. माझं लक्ष कशातच नाही हल्ली, दुसरं काय.

२३ फेब्रुवारी

भाऊजी गेले. कुठे, तर "ओळखीच्याकडे." टाकी पुसून, कोरडी करून ठेवून गेले. दारात म्हणाले, "जाळी छान शिवली होती, वहिनी." मी तोंड फिरवलं.

संध्याकाळी रडू आवरेना. ह्यांनी पाठीवर हात ठेवला. "तुझ्या हातून झालं खरं, पण तू काही मुद्दाम नाही केलंस. विसर आता." किती दिवसांनी इतकं मायेनं बोलले.

२६ फेब्रुवारी

दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. सुईत दोरा ओवते आणि हात थांबतो.

२ मार्च

बरेच दिवस खुंटीला पडून असलेली पँट ह्यांनी दिली, चेन बदलायला. खिसे तपासल्याशिवाय मी कपडा मशीनला लावत नाही.

मागच्या खिशात जाळी. वाळून कडक, मिठाने पांढरी. दुहेरी शिवण शाबूत, एक टाका निघालेला नाही. नाडीची गाठ मी मारली तशीच. फक्त मधून, वरपासून खालपर्यंत कापलेली — आणि कापल्याची कडा दातेरी.

बाहेरून हे विचारतायत, "झाली का गं पँट?"