टॉवर गप्प राहिला तर

७ एप्रिल २०२५, सोमवार. सकाळी ६.२०. टॉवरच्या खोलीत नव्या रजिस्टरवर पट्टीने रेघा मारत होतो.

नोकरी लागली! काल चाळीसगावहून आलो. धुळ्याबाहेरच्या या धावपट्टीवर विमान चालवायला शिकवणारी एक संस्था आहे. लहानशी तीन विमानं. मी अकरावीतून शाळा सोडलेली, पण अक्षर आणि शुद्धलेखन बघून मला कारकून म्हणून घेतलं. राहायची खोली टॉवरखालीच. टॉवर आणि विमान यांच्यात जे बोलणं होईल ते वेळेसकट लिहायचं, एवढंच काम. बोलणं इंग्रजीत चालतं, पण वाक्यं ठरलेली, पन्नास-साठ. मी ती स्पेलिंगसकट पाठ केली आहेत.

बोलायचं काम रतिलालनानांचं. परवाना त्यांच्याकडे. मी बोलायच्या बटणाला हात लावायचा नाही. नानांनी मुख्य नियम समजावला. टॉवर सांगेल ते पायलटने परत म्हणून दाखवायचं. त्यात चूक असेल तर टॉवरने लगेच ‘चूक’ म्हणून पुन्हा सांगायचं. टॉवर गप्प राहिला, तर पायलट जे म्हणाला तेच पक्कं. उतरताना घोटाळे असेच होतात, नाना म्हणाले. खोटं कुणी बोलत नाही, ऐकणारा गप्प राहतो. मग पाठीवर थाप मारून म्हणाले, “तू फक्त लिख, भो. बोलानं काम मन्हं शे.”

९ एप्रिल, बुधवार.

काम आवडलं. उन्हामुळे अकराला उड्डाणं बंद होतात, मग दिवसभर शांतता. जळगावच्या मेहरूणची मयुरी नावाची शिकाऊ पायलट आहे. आज ती रजिस्टर बघायला वर आली, बोट ठेवून माझे स्वल्पविराम मोजले आणि पगार नगावर मिळतो का, असं विचारलं. नाना इतके हसले की बशीतला चहा सांडला. पुढच्या आठवड्यात ती पहिल्यांदा एकटी उडणार आहे. आठ महिने वाट बघते आहे.

११ एप्रिल, शुक्रवार.

दुपारी १.१०. तिन्ही विमानं शेडमध्ये. माझ्या हेडफोनमध्ये एका पुरुषाचा आवाज आला. सावकाश, आणि मराठीत. “समजलं. उद्या मयुरी उडणार नाही.” परत म्हणून दाखवतात तसा. पण टॉवरने काही सांगितलंच नव्हतं. नंतर तो थांबला. कुणी ‘चूक’ म्हणतं का हे ऐकायला पायलट थांबतो, तसा.

नानांच्याही कानाला हेडफोन होता. त्यांना काही ऐकू आलं नाही. ऊन लागलं म्हणाले, आणि खिशात ठेवायला कांदा दिला. ऐकलं ते लिहायचं, म्हणून मी लिहिलं.

१२ एप्रिल, शनिवार.

मयुरीला ताप. उडाली नाही.

दुपारी १.१०. “समजलं. सोमवारी दोन नंबरच्या विमानाचं पुढचं चाक फुटेल.” मग तेच थांबणं. सहा सेकंद. घड्याळात मोजले.

१४ एप्रिल, सोमवार.

चाक फुटलं. कुणाला लागलं नाही.

मी नानांना हात जोडले की तो बोलला की नुसतं ‘चूक’ म्हणा. नाना भडकले. कुणाला म्हणू, हवेला? “परवाना गया तर मन्हं घर तू चालावशी का?”

दुपारी १.१०. नाना हात धुवायला गेले होते. “समजलं. कारकून आवार सोडणार नाही.” बटण माझ्यापासून वीतभर अंतरावर. परवाना नाही. नोकरी जाईल. मी दाबलं नाही. लिहिलं.

१५ एप्रिल, मंगळवार.

पहाटे पिशवी भरून गेटवर गेलो. गेट उघडं होतं. समोरून केळीचा ट्रक गेला. पाय पुढे पडला नाही. तीनदा प्रयत्न केला. वॉचमनने विचारलं, काही विसरलात का. हो म्हणालो.

आज बटण दाबायचंच, असं ठरवलं. पण तो १.०७ लाच आला. मी जिन्यात होतो, टेबलावरच्या हेडफोनमधून ऐकू आलं. “समजलं. कारकून बोलणार नाही.” धावलो. बटण दाबलं. तोंड उघडलं —

सहा सेकंद होऊन गेले होते.

१६ एप्रिल, बुधवार.

आवाज फुटत नाही. नानांनी ज्येष्ठमध दिलं.

१.१०. “समजलं. उद्या साडेआठला रतिलाल खाली जातील.” सहा सेकंद. “समजलं. मयुरी एकटी उतरेल. धावपट्टी मोकळी आहे.” सहा सेकंद.

नानांना लिहून दाखवलं. वाचलं नाही. मयुरीला चिठ्ठी दिली, उद्या उडू नका. ती हसली. राहून गेलेला एक स्वल्पविराम घालून चिठ्ठी परत दिली.

१७ एप्रिल, गुरुवार.

८.१२ मयुरी एकटी वर गेली.

८.३० नानांच्या पोटात कळ. दोन मिनिटांत येतो म्हणाले. मी शर्ट धरला. हात सोडवून गेले.

८.३२ गवत कापायचा ट्रॅक्टर पट्टीच्या मधोमध बंद पडला. चालक चाकाशी वाकलाय.

उठता येत नाही. पाय माझे नाहीत.

८.३३ मयुरी उतरायची परवानगी मागते.

८.३३ उत्तर गेलं. इंग्रजीत. नानांच्या आवाजात. उतरा, पट्टी मोकळी. नाना तर खाली आहेत —

८.३३ मयुरीने परत म्हटलं. शब्द न् शब्द.

आता ‘चूक’ येतं का हे ऐकायला थांबली आहे. मी बटण दाबलं. ओरडतो. नुसता श्वास —

खिडकीतून नाना दिसतात. ट्रॅक्टर बघितला त्यांनी. हातातल्या रेडिओवर ओरडताहेत, दुसरा हात हलवत. तिला ऐकू जात नाही. एकाचं बटण दाबलेलं असलं की दुसऱ्याचं बोलणं पोचत नाही, आणि माझं बटण — मीच — सोडलं पाहिजे. सोडलं की नानांचं पोचेल.

बोट निघत नाही.

डाव्या हाताने लिहितो आहे. उजव्या हाताचं बोट निघत नाही. ती खाली आली, चाकं दिसतात, नाना माझ्याकडे बघून काहीतरी —