न मिटलेल्या वादाची वाटणी

मी, यशोदा सखाराम गुरव, वय वर्षे ७४, अविवाहित, कणकवलीच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त, राहणार जामसंडे, तालुका देवगड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. दडपण आणायला घरात दुसरे कोणी नाही.

१. राहते घर व मागची हापूसची कलमे माझे थोरले बंधू कै. विश्राम यांची मुलगी संचिता हिला द्यावीत. ती पुण्यात असते. विकायचे झाल्यास तिने खुशाल विकावे. माझ्यासारखे एकटीने राखत बसू नये.

२. चुलतभाऊ अजय याला काही देऊ नये. विश्रामला पक्षाघात झाला तेव्हा याने देवळात सांगितले, "भैण देव नाय म्हणता, म्हणान देव कोपलो." त्यानंतर माणसे रस्त्यावरूनच विचारपूस करू लागली, मग तेही थांबले. विहिरीकडची त्याची वाट मात्र अडवू नये.

३. देव्हारा. विश्राम देवळात पूजा करी आणि मी वर्गात विश्वाचा जन्म शिकवी. विश्वाला आरंभ आहे, असे मी त्याला प्रथम सांगितले तेव्हा त्याने टाळीच वाजवली.

"सुरवात झाली मा? मगे ती कोणीतरी केल्यान असतली!"

"आणि त्या करणाऱ्याक कोणी केल्यान?"

"तेका कोणी करूक नको. तो आसाच."

"मगे विश्वच आसा म्हण. मधी देव कित्याक?"

"यशू, माका जेवूक देतलंस काय नाय?"

हे आमचे आयुष्यभर चालले. पक्षाघाताने त्याची वाचा गेली, तेव्हा दोन्ही बाजू मीच बोलू लागले. त्याच्या बाजूने बोलताना मला नवे मुद्दे सुचत: हे सृष्टीचे नियम तरी कुठून आले, काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे. तो मान डोलवी. एका दुपारी पेज भरवताना मला त्याची दया आली. म्हटले, "दादा, तुजाच खरा. कोणीतरी केल्यान आसा." त्याने तोंड मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. पेज निवली. शेवटी मी म्हटले, "बरा तर. माका पटणा नाय." तेव्हा तो वळला आणि त्याने तोंड उघडले.

गेल्या श्रावणात तो गेला. आता माझे म्हणणे कोणी खोडत नाही. देव्हाऱ्यात दिवा मी लावते. मत बदललेले नाही. तिन्हीसांजेला घरात कोणीतरी काहीतरी करावे लागते. देव्हारा संचिताने न्यावा. तिला नको असल्यास देवळात द्यावा.

४. पुस्तके व दुर्बीण जामसंड्याच्या शाळेला द्यावीत. शिक्षकांनी मुलांना उत्तर सांगण्याची घाई करू नये.

५. दिवसकार्य करावे की नाही, ते संचिताने ठरवावे. चौकातल्या फलकावर "देवाघरी गेल्या" असे लिहू नये. "देव मानत नव्हत्या" असेही नको. "गेल्या" एवढे पुरे. कुठे, ते मला ठाऊक नाही. तिथे विश्राम भेटलाच, तर हरले असे त्याला मीच सांगेन.

सही: यशोदा सखाराम गुरव

त्यांनी मजकूर स्वतः मोठ्याने वाचला व आमच्यादेखत सही केली:
१. डॉ. मितेश राणे, देवगड
२. सारिका परब, निवृत्त सहकारी, कणकवली

जामसंडे, दि. ११ फेब्रुवारी २०२५