नदीपलीकडनं ऐकू येईल अशी तबकडी

आबा, काल सुट्टी होती, तर दिवसभर इथल्या रेकॉर्डच्या दुकानांत उभा होतो. संध्याकाळी खोलीवर आलो ते कान किटवून. धाकट्याचं पत्र आलंय. शिरुरात दुसरा लाऊडस्पीकरवाला उभा राहिलाय, त्याच्याकडं नवीन माल असतो, म्हणून लग्नं तिकडं चाललीत. गेल्या मोसमात आपल्या कर्ण्याला तीनच मांडव मिळाले. 'दादा, तू कलकत्त्यात हाईस, तिथं सगळं आधी येतं. यंदा कोणत्या दहा रेकॉर्डी घेऊ ते लिहून पाठव. ह्या मोसमात जमलं न्हाई तर मी सगळं सामान विकून टाकणार.' असं लिहिलंय. तुमचं मशीन, तुमचे दोन्ही कर्णे, सगळं. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, पण असलं विचारायचं तर तुम्हालाच.

तुमची रीत मला अजून दिसते. पुण्याचा दुकानदार पसंतीवर तबकड्या द्यायचा. तुम्ही घरी आल्या आल्या कर्णा माळवदावर बांधायचा, आईला पिन ठेवायला शिकवून ठेवलेलं, आणि स्वतः घोडनदी उतरून पलीकडच्या मळ्यात जाऊन उभे राहायचा. गाण्याचे शब्द तिथवर नीट पोचले तर टॉवेल हलवायचा. टॉवेल हलला की तबकडी घरात, न्हाई हलला की परत पुण्याला. गाणारी कितीही मोठी असू दे. एकदा एका नावाजलेल्या सिनेमाच्या चार तबकड्या तुम्ही एका दमात परत केल्या. आई म्हणाली, "अवो, सगळं गाव तीच गाणी म्हणतंय." तुम्ही म्हणालात, "गाव म्हणतंय तर मग मी कशाला वाजवू?"

तर ऐका, काय घ्यावं आणि काय घेऊ नये. एका सिनेमाची सगळी गाणी एकाच मोठ्या रेकॉर्डवर येतात, ती मांडवात लावू नये. पहिलं गाणं नाचाचं, त्याला लागूनच दुसरं रडण्याचं. पिन उचलायला जरा उशीर झाला की नवरी बोहल्यावर आणि कर्ण्यात कुणीतरी मरतंय. दुसरं, जिथं पन्नास व्हायोलिनं एकदम घासतात ती घेऊ नये, कर्ण्यात नुसता चिवडा होतो. सिनेमात हॉटेलातल्या नाचाची गाणी निघालीत, त्यांत बाई गाते का धापा टाकते तेच कळत न्हाई. काल दुकानात एक बाप आपल्या चिमुरडीला ते ऐकवून हसत होता. मला शिसारी आली, मी रस्त्यावर येऊन थुंकलो. आणि चोरी तर विचारू नका. आमच्या गोदीत बोटी लागतात, खलाशी त्यांच्या रॉकच्या रेकॉर्डी गेटावर विकतात, ते मी ऐकलेलं. तीच चाल, तीच गिटार, वर हिंदी शब्द चिकटवलेले, आणि कव्हरवर संगीतकाराचा फोटो असा, जणू पोटातनं काढलीय चाल!

घ्यायचं असंल तर एक खेड्यातला सिनेमा आहे, त्यात एक ढोलकी, एक बासरी आणि एकटी बाई गाते. तिचा शब्द न् शब्द मळ्यापर्यंत जाईल. रॉकमधलं एकच. एक काळा गडी आहे, तिघंच वाजवतात, मला त्यातलं एक अक्षर कळत न्हाई, पण ठोका असा की पलीकडच्या काठावरची म्हैस मान वर करंल. बाकीच्या रॉकवाल्यांचं कव्हर तेवढं रंगीत, आत नुसती आरडाओरड.

रॉकवरनं तुम्हाला तळेगाव ढमढेऱ्यातलं लग्न आठवलं असंल. दौंडच्या रेल्वे कॉलनीतला एक गोरा ड्रायव्हर विलायतेला कायमचा चालला होता, घरातलं सामान काढत होता. त्याच्याकडनं मी एक रॉकची मोठी रेकॉर्ड आणली आणि तशीच मांडवात घेऊन आलो. "आबा, ही एका बाजूला वीस मिनिटं वाजते, सारखी उलटायला नको."
"नदीपलीकडनं ऐकली का?"
"न्हाई."
"मग ठिव बाजूला."
तुम्ही पंगतीला गेलात आणि मी ती लावली. आपलं मशीन तेव्हा एकाच वेगाचं, जुन्या तबकड्यांचं; सगळ्या वेगांची थाळी धाकट्यानं तुमच्यामागं बसवली. ही रेकॉर्ड सावकाश फिरवायची असते हे मला काय ठाऊक! गाणारा उंदरासारखा किंचाळायला लागला. नवरीचा मामा हातात द्रोण घेऊन धावत आला, "आरं, मांजर चिरडलं का काय मशिनीत?" सगळा मांडव हसत सुटला. मी पिन उचलली तर आपल्या लोखंडी पिनेनं रेकॉर्ड नांगरून काढलेली, वर पांढरा भुगा.

तुम्ही ओरडला न्हाईत. वायर गुंडाळता गुंडाळता विचारलंत, "तुला आवडती म्हणून लावलीस, का लोकांना दाखवायला?" मी रेकॉर्डवरचा भुगा पुसत राहिलो. "दाखवायला लावायची असंल तर हा धंदा तुझा न्हाई." आठ दिवसांत मी कलकत्त्याची गाडी धरली. चौथी शिकलेल्या पोराला गोदीत ओझी उचलायला कोण न्हाई म्हणतंय? तुमच्या मातीला पोचलो न्हाई. तार हातात होती, आणि मी रागात होतो. त्या रागाचीही आता किळस येते.

हे पत्र टाकायला पत्ता न्हाई, ते मला कळतंय. वर एवढी अक्कल पाजळली, पण धाकट्याची यादी मी आज सकाळीच टपालात टाकली, आबा. त्यात ढोलकीवाली बाई न्हाई, काळा गडी न्हाई. सगळी धापा टाकणारी आणि चोरीची, दहाच्या दहा. तुमचे कर्णे विकायला नकोत म्हणून दुकानात लोक ज्याच्यावर तुटून पडत होते तेवढंच उतरवून काढलं, आणि खाली लिहिलं, 'आबा असते तर त्यांनीबी हीच घेतली असती.'