चुंबळीत काय होतं

१० मार्च, मंगळवार
टॅब उघडला. फाइल आहे, गाणी नाहीत. म्हणजे आहेत, पण सव्वीस जानेवारीपर्यंतचीच. त्यानंतर आत्याने जे जे गायलं आणि मी जे जे टाइप केलं ते सगळं साफ.

'सिंक होत नाही' असं बरेच दिवस येत होतं. ढगाच्या चित्रावर तिरकी रेघ. मला वाटायचं रेंज नसेल. आज एका व्हिडिओत एक जण म्हणाला, खातं काढा, परत टाका. काढलं. परत टाकलं. एवढंच केलं मी. काढताना टॅबने काहीतरी विचारलं, इंग्रजीत, दोन ओळी. ओके केलं. मी नेहमीच ओके करते.

आत्या दारात तांदूळ निवडत होती. "सुजे, कुठवर आलं गं पुस्तक?"
म्हटलं, येतंय.

११ मार्च
प्रज्ञाताई ऑफिसातून आल्यावर तिला सांगितलं. तोंड आत्याचं, आवाज हेडमास्तरचा. आत्याच्या पोटची आहे असं पटत नाही. लॅपटॉप उघडला, जुन्या आवृत्त्या बघितल्या. शेवटची सव्वीस जानेवारीच.

कारण सापडलं. घरात एकच खातं, आत्याच्या नावाचं, सगळ्यांच्या फोनवर तेच. ताईनेच उघडलेलं. "एका घरात दोन चुली कशाला" हे तिचंच वाक्य. त्यात तिच्या नणंदेचं अख्खं लग्न. शिवाय भाऊजी रोज सकाळी पुलावर जाऊन सूर्योदय काढतात आणि खाली सुविचार टाकतात. खातं तुडुंब. जानेवारीनंतर माझी एक ओळ वर गेली नाही. सगळं टॅबच्या पोटातच होतं, आणि मी पोटच रिकामं केलं.

ताई : "रेकॉर्डिंग असेल की. आवाज घ्यायचीस ना तिचा?"
पुसले. टाइप झालं की पुसायचे. टॅब सारखा जागा नाही, जागा नाही म्हणायचा. कचरापेटीतूनही काढले.
"अगं खात्यातली जागा वेगळी, टॅबमधली वेगळी!"
मला जागा म्हणजे जागा.

भाऊजी दारात उभे. "मग मी सूर्योदय डिलीट करू का?"


१२ मार्च
जयंतीला विहारात आत्याच्या गाण्यांची पुस्तिका निघणार. कमिटीतले लोक रस्त्यात भेटले की विचारतात. पुस्तिकेचं काय, थोडी पातळ निघेल. मला पुस्तिकेचं नाही पडलेलं.

फेब्रुवारीत एका दुपारी आत्याने आईवर गाणं केलं. आधीचं नव्हे, तिथल्या तिथे. मला आई आठवतच नाही, ती गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. आत्या आणि ती एकाच साइटवर बिगारी. वारज्याच्या या सगळ्या बिल्डिंगा उठत होत्या तेव्हा.

आत्याची पद्धत अशी : ती एक ओळ टाकते, मागचे धृपद घोळवतात, तेवढ्यात तिला पुढचं कडवं येतं. "कोरस फिरून येईस्तवर माझ्या तोंडात पुढचं तयार." चाळीस वर्षं गायन पार्टी चालवली, कागद नाही. आता पार्टी मोडली, म्हणून कोरस मी. टॅब समोर लावायचा, मी धृपद म्हणायचं, नंतर ऐकून टाइप करायचं.

धृपद पाठ आहे :
जिनं उचललं गाव, तिचं कुठं न्हाई नाव.

कडवी नाहीत. टाइप करताना मी मैत्रिणीशी, रोहिणीशी, गोकर्णच्या बसबद्दल बोलत होते, एक कान फोनला. एवढंच आठवतंय : आईच्या डोक्यावर घमेलं, घमेल्याखाली चुंबळ, आणि त्या कापडाच्या वेटोळ्यात ती काहीतरी लपवून आणायची. रोज. काय, ते गाण्यात होतं. मी लिहिलं ते. याच बोटांनी.

१४ मार्च, शनि.
बुधवार पेठेत एक जण गेलेला डेटा काढतो म्हणे. बसने स्वारगेट, तिथून चालत. वाटेत एकाच्या दारात जुने रेडिओ मांडलेले, तिथे बराच वेळ गेला. एकात खरखरीमागे कानडी बातम्या लागत होत्या.

त्या दुकानात पाटी : "परत मिळेल का, असे विचारू नये. बघितल्यावर सांगू."
म्हणून विचारलं नाही. टॅब दिला. काकांनी चष्मा वर केला.
"खातं काढल्यावर टॅब वापरला?"
"थोडासा."
"थोडासा म्हणजे?"
"व्हिडिओ बघितले. परत कसं आणायचं त्याचे."
"वा. म्हणजे चोर शोधायला चोराच्याच गाडीतून."
बराच वेळ काहीतरी केलं. मग वायर गुंडाळत म्हणाले, "आतलं पुसलं गेलं. आणि वर म्हणाल तर तिथून काही गेलेलं नाही. ते तिथे कधी पोचलंच नव्हतं."
पैसे घेतले नाहीत. त्याने जास्तच वाईट वाटलं.

१५ मार्च
घरी बसवेना. खडकवासल्याची बस दिसली, चढले. धरणाच्या भिंतीला वारा, कणीस, तिखटमीठ. एका कुत्र्याने माझ्याबरोबर अर्धं कणीस खाल्लं. दोन तास एकदाही आठवलं नाही.

परतीच्या बसमध्ये एक बाई, मांडीवर घमेलं. नवीन, लेबल लावलेलं. मग सगळंच परत आठवलं.

बाबांना फोन केला. लातूरला त्यांचं दुसरं घर. विचारलं, आई चुंबळीत काय ठेवायची?
"चुंबळीत? डोकं ठेवायची."
मागून नवीन आई हसली. मीही हसले. फोन ठेवला.

१८ मार्च
कंपनीच्या मदत-चॅटला इंग्रजीत लिहिलं (ताईने लिहिलं). उत्तर मराठीत आलं, मशीनचं. आपली निराशा आम्ही समजू शकतो. मग सहा पायऱ्या. पहिली : खातं काढा आणि परत टाका.

२२ मार्च, रवि.
विमलकाकूंकडे, दांडेकर पूल. आत्याच्या कोरसमध्ये होत्या पहिल्यापासून. म्हटलं बाकीची गाणी तरी त्यांच्याकडून भरून काढू. भाच्याच्या गाडीवरून आणखी एक जुन्या बाई आल्या, जनाबाई. चहा, मारी, मग दोघी सुरू. काय आवाज! खालच्या मजल्यावरची पोरं जिन्यात येऊन बसली.

सगळी गाणी येतात त्यांना. प्रत्येकाचं धृपद. फक्त धृपद.
"कडवं?"
"कडवं शकुचं." शकु म्हणजे आत्या.
"पण तुम्ही चाळीस वर्षं शेजारी उभ्या होतात."
"आगं, ती कडवं म्हनायची तवा आमी दम घ्यायचो," जनाबाई.
विमलकाकूंना हसू आवरेना. "मी तर पान लावायचे."

परत येताना वहीत नुसती धृपदं. मधे मोकळ्या जागा. मी हसणार कुणाला, माझ्याकडे तरी दुसरं काय आहे.

२५ मार्च
आत्याला सांगितलं. रागावेल वाटलं होतं. नाही.
"गेलं तर गेलं. परत म्हनू की."
लगेच सुरू केलं, पाण्याच्या टाकीवालं. मी कोरस. पण कडवी ती नाहीतच! पहिल्या वेळी टाकीवर म्हातारा होता, आता सासू-सून आहेत.
"आत्या, हे वेगळंय."
"त्येच हाय."
"म्हातारा होता त्यात."
"मग मेला आसंल. मी काय कॅशेट हाय का गं?"

मग धीर करून, "आईचं गाणं म्हणशील?"
बघत राहिली. म्हणाली, "कोनतं?"

फेब्रुवारीअखेर तिला चक्कर आली होती. तेव्हापासून असं होतं. डॉक्टर म्हणाले वयाने होतं. परवा ताईला दोनदा माझ्या नावाने हाक मारली.
विचारलं, चुंबळीत आई काय लपवायची?
"आसंल काहीतरी."
"खरंच ठेवायची का गाण्यात बसलं म्हणून आलं?"
"आता मला काय ठावं," म्हणाली. "दोन्ही खरंच की."

२९ मार्च
गोकर्णची बस आज होती. रोहिणी एकटीच गेली. समुद्राचा फोटो पाठवला. मी बघितला नाही. मग बघितला.

ताईने मला माझं खातं उघडून दिलं. माझ्या नावाचं, नवंकोरं, रिकामं. पासवर्ड मुद्दाम तुझ्याकडेच ठेव म्हणाली. भाऊजींनी पहिला सूर्योदय मलाच पाठवला.

पुस्तिकेसाठी जानेवारीपर्यंतची गाणी दिली. आईच्या गाण्याचं पान मागे ठेवा म्हटलं. कमिटीचे काका म्हणाले, "चार दिवस थांबू. छपाईवाला थांबत नाही." वर एक ओळ टाइप केलीय. खाली पांढरं.

२ एप्रिल, गुरु.
दुपारी लाइट गेली. पंखा बंद, सगळी वस्ती दारात. आत्या उंबऱ्यावर, हाताने वारा घेत. समोरच्या अर्ध्या बिल्डिंगीवर बायका पाट्या चढवत होत्या. आत्या त्यांच्याकडे बघत बसलेली. कधी सुरू झाली कळलंच नाही.

जिनं उचललं गाव...

मी टॅब चालू केला, मांडीवर ठेवला, धृपद धरलं. ती ओळ टाकते, मी घोळवते. पहिलं कडवं आलं. त्यात मी आहे! वाळूच्या ढिगावर बसवलेली, तोंडात वाळू. हे तेव्हा नव्हतं. दुसऱ्यात आई मुकादमाला शिव्या देते. दोनदा, यमकात. शेजारच्या बायका फिस्सकन हसल्या. मी हसत हसत कोरस सोडला नाही.

तिसरं. आत्याने डोळे मिटले.

डोईवर घमेलं, खाली चुंबळ गं ताजी
चुंबळीत लपवी ती...

आणि मी गप्प झाले. मुद्दाम नाही. नीट ऐकू यावं म्हणून. तिची ओळ संपली, मागून धृपद यायला हवं होतं, आलं नाही.

आत्याने डोळे उघडले. "काय झालं? का थांबलीस?"
"तू म्हण ना."
"काय म्हनू?"
मी धृपद परत सुरू केलं. मोठ्याने. परत. शेजारच्या दोघी माझ्याबरोबर म्हणायला लागल्या. आत्याही म्हणायला लागली. आमच्याबरोबर, धृपदच. टाळ्या वाजवत. मग लाइट आली, सगळ्या आत गेल्या.

रेकॉर्डिंग आहे. ऐकलं. 'लपवी ती' नंतर समोरच्या साइटवरचा डिझेल मिक्सर, एक पोरगं रडतंय, आणि आत्या विचारतेय का थांबलीस.

पुसलं नाही. माझ्या खात्यावर टाकलंय. गोल अजून फिरतोय. टॅब बंद करत नाही. आत्या आत भाकऱ्या थापतेय, तोंडाने काहीतरी गुणगुणतेय. आता ओट्याशी जाऊन हळूच धृपद धरते. ऐकायचं नाही, नुसतं म्हणायचं.