शिदोरीचं वजन

ह्रुबोव, ३ सप्टेंबर १९६४

ति. ताईस,
वेंडेलीनचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं मजेत आहे, माझी अब्रू तेवढी सोडून. आपल्या वादकांच्या ताफ्याचे म्होरके ह्लाव्हिंका काका म्हणतात, बसवाले आता बाससारखं माणसाएवढं तंतुवाद्य घेत नाहीत, तेव्हा ज्याने त्याने आपलं वाद्य आपण आणायचं. कंडक्टर तर मला म्हणाला, माणसाचं तिकीट देतो, कपाटाचं नाही! अठ्ठावीसला लिपोवेकची जत्रा आहे. बास पोचला नाही, तर दुसरा बासवाला बघणार.

म्हणून माझ्या जावा मोटारसायकलच्या मागे लावायला एकचाकी ट्रेलर केला. जोड बाबांनी सांगितला तसा, घोडागाडीचा असतो तो आकडा आणि कडी. बटाट्यांची दोन पोती घालून निघालो आणि पहिल्याच वळणावर, नेमका गुत्त्यासमोर, ट्रेलर म्हशीसारखा कुशीवर लोळला. बटाटे चर्चच्या पायरीपर्यंत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, जोड उत्तम आहे, चालवणारा गाढव आहे.

आता तूच काहीतरी कर. लोभ आहेच, पण या वेळी लोभापेक्षा अक्कल जास्त पाठव.

तुझा,
वेंडेलीन

*

ब्रनो, ७ सप्टेंबर

प्रिय वेंडेलीन,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कारखान्यात लेथवर हसत बसले, तर मुकादम म्हणाला, काय गं, प्रेमपत्र का? म्हटलं, बटाट्यांचं आहे.

बाबांचं म्हणणं अर्धं खरं, तू गाढव आहेसच. पण जोडही चुकलाय. दोन चाकांचा गाडा आपल्या पायावर उभा राहतो. एका चाकाचा मोटारसायकलच्या जिवावर. तो खड्ड्यात वर-खाली व्हायला हवा, वळणावर डावी-उजवीकडे फिरायला हवा, पण कुशीवर लोळायची मुभा त्याला द्यायची नाही. गाडी झुकेल तेवढंच त्याने झुकायचं. कडीत तो हवा तसा लोळणारच.

सोबत चित्र आहे. दोन खिळी, एक उभी, एक आडवी. दोन्ही मी इथे कातून पार्सलने पाठवते, त्या ज्यांत फिरतात त्या पितळी बुशांसकट. भार चाळीस किलो धरलाय. तुझ्या बासच्या तिप्पट! मोडला तर माझं नाव बदल.

एक सांगते. सहा वर्षांपूर्वी मी बाबांच्या लोहाराच्या भट्टीवर काम शिकायला मागितलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, या भट्टीत पोरीला जागा नाही. म्हणून मी ब्रनोला आले. ते मला अजून लागतं. हा जोड टिकला पाहिजे, वेंडेलीन, आणि बाबांनी तो पाहिला पाहिजे.

तब्येतीला जप, स्पॅनर जागेवर ठेव आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
लुदमिला

*

ह्रुबोव, २१ सप्टेंबर

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जोड बसला! खीळ हाताने सरकवली आणि अशी गेली की काय सांगू. बाबांनी आधी हातच लावला नाही. म्हणाले, बास माझ्या बापाचा आहे, पोरीच्या खेळण्यावर चढणार नाही. मी म्हटलं, मग तुम्ही चढा. आणि ताई, ते चढले! पाइप तोंडात धरून, ट्रेलरमध्ये मांडी घालून चर्चला तीन फेऱ्या. नव्वद किलोंचा माणूस, पण ट्रेलर मुकाट्याने मागे मागे आला.

उतरल्यावर म्हणाले, ने बास. पण काही झालं, तर तिने या घरात पुन्हा लोखंडाचं नाव काढायचं नाही.

घाबरू नकोस, काही होत नाही. आशीर्वाद असू दे, तोही चाळीस किलोंचा.

तुझा,
वेंडेलीन

*

ह्रुबोव, २९ सप्टेंबर

ताई,
नमस्कार-चमत्कार राहू दे.

जाताना काही म्हणता काही झालं नाही. बारा किलोमीटर, एक कुरकूर नाही. काकांनी माझी जागा पक्की केली. पण येताना ट्रेलर शेपूट हलवायला लागला, मग गाडीच हलायला लागली आणि मी, गाडी आणि ट्रेलर, आम्ही तिघे शेताच्या नाल्यात. मी ठीक आहे. बासची एक तार तुटली आणि त्याला वाइनची आंघोळ झाली.

लिपोवेककरांनी शिदोरी दिली होती. गोड पोळ्यांच्या दोन टोपल्या, धुरावलेलं डुकराचं मांस आणि नव्या वाइनचा बुधला. नाही म्हणायची सोय आहे का? ट्रेलरच्या पेटीत बास, म्हणून सगळं चाकामागच्या फळीवर बांधलं. बाबा सकाळपासून तुझा जोड सुटा करून बसलेत. मला रडू येतंय.

वेंडेलीन

*

ब्रनो, २ ऑक्टोबर

ति. बाबांस,
लुदमिलाचा शि. सा. न.

चूक माझी आहे, वेंडेलीनला बोलू नका. चाकामागे वजन टांगलं की पुढचा जोड वर उचलला जातो आणि ट्रेलर डुलतो. हे मला ठाऊक होतं. बास मोजला, खड्डे मोजले, वळणं मोजली. जत्रेहून आपल्याकडे कोणी रिकामं परतत नाही, एवढंच मोजायचं राहिलं. जन्म ह्रुबोवचा आणि शिदोरी विसरले, लाज वाटते.

तुमचा शब्द पाळते. घरात लोखंडाचं नाव काढणार नाही.

आपली,
लुदमिला

*

ह्रुबोव, ६ ऑक्टोबर

चि. लुदमिलास,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही, समजून घे. शब्दाचं राहू दे.

तुझा जोड मी खोट काढायलाच सोडला. दोन्ही खिळी पट्टीला लावून बघितल्या. नाल्यात पडूनसुद्धा केसभर वाक नाही. मी घडवलेली असती तर वाकली असती. हे वेंडेलीनला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

शिदोरीसाठी पुढे, चाक आणि जोड यांच्या मध्ये, पेटी ठोकली आहे. चित्रात तेवढी काढून घे. लिपोवेकचे दोघे तसाच जोड मागायला आले होते. म्हटलं, मला येत नाही, माझ्या मुलीला येतो.

सहकारी शेतीच्या अध्यक्षांना एक जुना लेथ मिळतोय, चालवणारं माणूस नाही. भट्टीत जागा नाही असं मी म्हणालो होतो. काल टेप लावून मोजलं. ऐरण हातभर सरकवली की लेथ बसतो.

पण ऐरण मला एकट्याला हलत नाही. नाताळात ये, दुसऱ्या बाजूने धर.

तुझे,
बाबा