आवाज गेला तेव्हा

बर्नली, बुधवार

डोरीन बाळा,

तुझं पत्र सकाळी आलं. रविवारी टीव्हीवर थेट चाललेल्या नाटकात तू वाक्य विसरलीस, प्रॉम्प्टर बाईंनी बटण दाबून साऱ्या देशातल्या टीव्हींचा आवाज बंद केला आणि तुला वाक्य सांगितलं, म्हणून कुणाला काही कळलं नाही, असं तू लिहितेस.

इथे तुझ्या बाबांनी टीव्हीला दोन थपडा मारल्या. "डबा बिघडला," म्हणाले. पण खोलीत मी होते, गिरणीत माझ्या शेजारच्या मागावर काम करणारी एल्सी होती. आमचा सगळा जन्म मागांच्या खडखडाटात गेला. गिरणीत आम्ही बायका ओठ बघूनच बोलतो, हे लंडनला जाऊन विसरलीस की काय?

"मला नाही जमत, मला आईकडे जायचंय," असं तू म्हणालीस. मग आवाज आला आणि तू पुन्हा उमरावाची बायको झालीस.

एल्सीने कप खाली ठेवला. "पोरगी छान दिसते हो," एवढंच बोलली. बाबांना आम्ही सांगितलं नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. "ये" म्हटलं तर तू पहिल्या गाडीने येशील, आणि मला तेच हवंय, म्हणूनच टाकणार नाही.

उद्या तुम्ही तेच नाटक टीव्हीवर पुन्हा पहिल्यापासून थेट करून दाखवणार. मी टीव्हीच्या अगदी पुढे बसेन. तू पत्रात लिहिलेलं ते विसरलेलं वाक्य मी पाठ केलंय. तू त्या जागी आलीस की मागावर बोलतो तसं, आवाज न करता, तुझ्याआधी मी म्हणेन.

तुझी,
आई